साठ पानांचा अंदाज: पोकेमॉनच्या स्पर्धेत डेक कसा ठरतो

शाळांना सुट्टी लागली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. मुलाला नाहीतर मुलीला पोकेमॉनच्या पत्त्यांचं वेड लागलेलं असतं, आता स्पर्धेत उतरायचं म्हणून घरात हट्ट चाललेला असतो. मग प्रश्न येतो: "सगळ्यात भारी कार्डं कुठली तेवढं सांग. चार-चार घेऊन टाकतो, विषय संपला."

विचारणाऱ्याचं चुकत नाही. बातम्यांमध्ये या पत्त्यांबद्दल जे येतं ते किमतींबद्दलच येतं. अमुक कार्ड लाखांना गेलं, तमुक कोटींना. पोकेमॉनचे पहिले व्हिडिओ गेम जपानमध्ये फेब्रुवारी 1996 मध्ये आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पत्ते. तीस वर्षांत हा खेळ जगभर पसरला, दर वर्षी त्याची जागतिक स्पर्धा भरते. तरी महागडं कार्ड म्हणजे जिंकणारं कार्ड, हा समज काही सुटत नाही. मी हा खेळ गेली काही वर्षं नियमित खेळते आहे. माझ्या मते स्पर्धेसाठी डेक निवडताना पहिला प्रश्न कार्डांबद्दल नसतोच. समोर कोण बसणार आहे, हा पहिला प्रश्न. तो नीट समजला की बाकीचं सगळं उलगडत जातं.

आधी खेळ काय आहे

रमी घ्या, बदाम सात घ्या, मेंढीकोट घ्या. पत्त्यांचा कॅट एकच असतो, तो पिसून सगळ्यांना वाटतात. पोकेमॉनमध्ये मात्र प्रत्येकजण आपला कॅट घरून बांधून आणतो. त्यालाच डेक म्हणतात. डेकमध्ये बरोबर 60 कार्डं लागतात, एक कमी नाही, एक जास्त नाही. एकाच नावाची जास्तीत जास्त 4 चालतात. अपवाद साध्या एनर्जी कार्डांचा, ती हवी तितकी घ्या.

कार्डं तीन जातींची. पोकेमॉन लढतात. एनर्जी म्हणजे त्यांच्या हल्ल्याचं इंधन. ट्रेनर कार्डं बाकीची सगळी कामं करतात: डेकमधून हवं ते शोधून देणं, नवी पानं ओढायला देणं, समोरच्याचा बेत बिघडवणं. डाव सुरू होताना हातात 7 पानं येतात आणि 6 पानं न बघता बाजूला पालथी ठेवली जातात, ती प्राइज कार्डं. समोरचा एक पोकेमॉन पाडला की त्यातलं एक आपण उचलायचं. पोकेमॉन फार ताकदवान असेल तर तो पडल्यावर दोन किंवा तीन उचलायला मिळतात. सहाच्या सहा आधी उचलणारा जिंकतो. डाव जिंकायचे आणखी एक-दोन मार्ग आहेत, पण आपल्याला एवढं पुरे.

एक नियम मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्पर्धा सुरू होण्याआधी 60 कार्डांची यादी द्यावी लागते, आणि नंतर त्यात काहीही बदलता येत नाही. 1993 मध्ये आलेल्या मॅजिक या अशाच दुसऱ्या खेळात पहिल्या डावानंतर 15 जादा कार्डांतून अदलाबदल करता येते. पोकेमॉनमध्ये ती सोय नाही. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर नाणेफेकीआधी दिलेले अकरा खेळाडूच सगळी मालिका खेळणार, मग पुढचा सामना चेपॉकच्या फिरकीला असो की पर्थच्या उसळीला.

कांद्याचा भाव आणि मेटा

खेळाडूंच्या तोंडी सतत असणारा शब्द म्हणजे मेटा. सध्या लोक कोणकोणते डेक खेळतायत, कोणता किती प्रमाणात, आणि कोण कुणाला भारी पडतो, या सगळ्या चित्राला मेटा म्हणतात.

आपल्याकडे हे समजावायला कांद्याइतकं चांगलं उदाहरण नाही. गेल्या हंगामात कांद्याला भाव मिळाला म्हणून यंदा गावातल्या निम्म्या लोकांनी कांदा लावला, तर बाजारात काय होणार ते लासलगावच्या आसपास कुणालाही विचारा. कांदा पीक म्हणून वाईट नव्हता. शेजाऱ्यांनी काय लावलंय ते न बघता लावला, तिथे घात झाला.

डेकचंही तसंच. गेल्या महिन्यात एका डेकने मोठी स्पर्धा जिंकली की पुढच्या महिन्यात बरेचजण तोच घेऊन येतात. मग त्याला पाडणारा डेक आणणाऱ्यांची चांदी होते. त्यांची संख्या वाढली की त्यांना पाडणारा तिसरा डेक वर येतो. त्यात नवी कार्डं वर्षभर येत राहतात, आणि साधारण वर्षातून एकदा जुन्या कार्डांचा एक गठ्ठा स्पर्धेतून बाद होतो. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात छापलेल्या छोट्या अक्षरावरून ते ठरतं; एप्रिल 2025 मध्ये 'एफ' अक्षराची कार्डं अशीच बाहेर गेली. म्हणून "सगळ्यात चांगला डेक कुठला" या प्रश्नाला तारीख जोडल्याशिवाय अर्थ येत नाही.

लंडनचा पिकाचू, होनोलुलूचे काटे

2022 ची जागतिक स्पर्धा लंडनला झाली. तेव्हा पाल्किया व्हीस्टार हा पाण्याच्या जातीचा पोकेमॉन जोरात होता, जिकडेतिकडे पाल्किया. चेकियाचा ओन्द्रेय श्कुबाल आर्सियस आणि उडत्या पिकाचूची जोडी घेऊन आला. पिकाचूचा हल्ला 160 चा. नुसता आकडा पाहिला तर फार काही नाही, त्याहून मोठे हल्ले तेव्हा खूप होते. पण पाल्कियाची कमजोरी वीज, आणि कमजोरी असली की मार दुप्पट बसतो. 160 चे झाले 320. पाल्कियाची मार सोसायची ताकद 280. म्हणजे एका फटक्यात आडवा. शिवाय त्या हल्ल्यानंतरच्या पाळीत समोरच्याच्या बेसिक (म्हणजे हातातून थेट मांडता येणाऱ्या) पोकेमॉनचा मार पिकाचूला लागतच नाही. श्कुबाल जगज्जेता झाला. चिप्सच्या पुड्यातून निघणारे पिकाचूचे टाझो जमवलेल्या आमच्या पिढीला तेव्हा किती आनंद झाला असेल, ते वेगळं सांगायला नको.

2024 च्या होनोलुलूच्या जागतिक स्पर्धेचं उदाहरण मला त्याहून शिकण्यासारखं वाटतं. तेव्हाचे बहुतेक आघाडीचे डेक 'क्षमते'वर चालायचे. क्षमता म्हणजे हल्ला न करता वापरता येणारी पोकेमॉनची खास शक्ती: कुणी त्यातून एनर्जी जोडून घेतो, कुणी पानं ओढतो, कुणी हवं ते कार्ड शोधतो. चॅरिझार्ड, गार्डेवॉर, लुगिया, रेजिड्रॅगो हे सगळे आपापल्या परीने त्यावरच विसंबून होते. आयर्न थॉर्न्स नावाचं एक कार्ड पुढे उभं असेपर्यंत असल्या बड्या पोकेमॉनच्या क्षमता बंद पाडतं, फक्त त्याच्या स्वतःच्या 'फ्यूचर' जातीच्या चालू राहतात. चिलीच्या फर्नांडो सिफुएन्तेसने डेक याच्याभोवती उभा केला आणि तो जगज्जेता झाला. त्यात पोकेमॉन जवळपास हाच एक. बाकीची कार्डं समोरच्याची एनर्जी तोडायला आणि अडथळे आणायला. लग्नाघरी सगळा स्वयंपाक गॅसवर चाललाय आणि कुणी सिलिंडरची चावीच फिरवली, असा प्रकार. आचारी तेच, सामान तेच, पण चूल पेटत नाही.

पण हेच कार्ड अशा हॉलमध्ये नेलं जिथे निम्मे डेक या क्षमतांशिवाय चालतात, तर तिथे ते अगदी सामान्य कार्ड ठरतं. त्या ऑगस्टात त्या हॉलमध्ये ते योग्य होतं, आणि सिफुएन्तेसला ते आधी दिसलं.

आकडेमोड, पण घरगुती

हे 'दिसणं' म्हणजे नेमकं काय करायचं? एक कागद घ्या. समजा येणाऱ्या 100 जणांपैकी 40 जण 'अ' डेक आणतील, 30 जण 'ब', आणि उरलेले 30 जण काहीबाही. माझा डेक 'अ'विरुद्ध 100 पैकी 70 वेळा जिंकतो, 'ब'विरुद्ध 35 वेळा, बाकीच्यांशी निम्मे-निम्मे. आता गुणाकार: 40 टक्क्यांचे 70 टक्के म्हणजे 28, 30 चे 35 टक्के म्हणजे साडेदहा, 30 चे निम्मे 15. बेरीज साडेत्रेपन्न. म्हणजे या हॉलमध्ये माझा डेक निम्म्याहून थोडा बरा.

आता समजा माझा अंदाज चुकला. 'अ' 25 जणांनीच आणला आणि 'ब' 45 जणांनी. तोच डेक, तेच हात, तेच खेळणं. बेरीज सव्वाअठ्ठेचाळीस. कार्ड एकही न बदलता मी बऱ्या डेकवरून वाईट डेकवर आले.

यात एक बारकावा आहे, तो मला बराच उशिरा कळला. मोठ्या स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्या स्विस पद्धतीने होतात, म्हणजे एखादा सामना हरला म्हणून कुणी लगेच बाद होत नाही आणि प्रत्येक फेरीत सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. त्यामुळे पहिल्या फेरीतला हॉल आणि सातव्या फेरीतलं वरचं टेबल ही दोन वेगळी गावं असतात. 'अ' डेक हॉलमध्ये भरपूर असला तरी तो हरणारा असेल तर जिंकत वर गेलेल्या माणसाला तो भेटणारच नाही. स्पर्धा जिंकायची असेल तर शेवटच्या फेऱ्यांमध्ये कोण उरेल याचा अंदाज घ्यावा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने चार-पाच सामने जिंकून घरी यायचं ठरवलं असेल, तर त्याने सरसकट हॉल पाहावा. एकाच स्पर्धेला जाणाऱ्या दोघांसाठी योग्य डेक म्हणूनच वेगळे असू शकतात.

आता साठ पानं घासायची

डेक ठरला, आता त्याची यादी. नवे खेळाडू इथे एक चूक हमखास करतात: प्रत्येक संकटावर एक-एक कार्ड घालतात. ट्रेकला निघालेल्या माणसाने सॅकमध्ये दोर, कुऱ्हाड, छत्री, स्टोव्ह सगळं कोंबावं आणि पाण्याची बाटली घरी विसरावी, तसं होतं.

इथे मोजून बघायला लागतं. एका नावाची चारही कार्डं घातली तरी त्यातलं निदान एक पहिल्या 7 पानांत असण्याची शक्यता साधारण 40 टक्के. तीन घातली तर साडेएकतीस, दोन घातली तर बावीस, आणि एकच घातलं तर पावणेबारा. ज्या कार्डाशिवाय डेकची पहिली पाळीच सुरू होत नाही त्याची चार हवीतच, शिवाय ते शोधून देणारी कार्डंही हवीत. अल्ट्रा बॉल किंवा नेस्ट बॉलसारखी, डेकमधून पोकेमॉन शोधून देणारी कार्डं जिंकणाऱ्या याद्यांमध्ये इतकी का दिसत आली आहेत, ते यातून कळतं.

बेसिक पोकेमॉनचं गणितही असंच आहे. सुरुवातीच्या सात पानांत एकही बेसिक नसेल तर पानं पुन्हा घ्यावी लागतात आणि त्या बदल्यात समोरच्याला एक जादा पान ओढता येतं. डेकमध्ये 8 बेसिक असले तर ही वेळ जवळजवळ 35 टक्के डावांत येते. 12 असले तर 19 टक्क्यांवर उतरते.

आणि ती बाजूला पालथी ठेवलेली सहा प्राइज कार्डं. 60 पैकी 6, म्हणजे एकुलतं एक कार्ड त्यात अडकण्याची शक्यता 10 टक्के. एका स्थानिक स्पर्धेत माझा सगळा बेत एकाच कार्डावर होता, आणि दिवसभरात दोनदा ते प्राइजमध्ये जाऊन बसलं. दोन्ही वेळा मी पालथी पानं उलटेपर्यंत आशा धरून होते. घरी येऊन हिशोब केला: दिवसभरात 20 डाव झाले तर 10 टक्क्यांनी ते दोनदाच अडकणार होतं. म्हणजे जे झालं ते अगदी ठरल्याप्रमाणे झालं होतं. तेच कार्ड दोन घातलं असतं, तर दोन्ही एका वेळी अडकण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. तेव्हापासून यादीतल्या प्रत्येक एकुलत्या कार्डाला मी एकच प्रश्न विचारते: तू नसलास तर मी हरेन का? उत्तर हो असेल तर त्याला जोडीदार मिळतो. नाही असेल, तर ते मुळात का हवंय याचा पुन्हा विचार होतो.

टेबलावरचा सराव

मला सगळ्यात उपयोगी पडलेला सराव डाव न खेळता करायचा आहे. रात्री जेवणाचं टेबल पुसून झालं की मी डेक पिसते आणि सात पानं उघडी मांडते. बघायचं एवढंच: पहिल्या दोन पाळ्यांत मला जे करायचंय ते या पानांतून होईल का? वहीत बरोबरची खूण नाहीतर फुली. पानं परत, पुन्हा पिसणं, पुन्हा सात. पन्नास वेळा करायला फार तर तासभर लागतो. फुल्या पंधराच्या वर गेल्या की मी यादीला हात घालते.

त्या वहीत दुसरा एक रकाना आहे. हरलेल्या प्रत्येक डावाच्या शेवटी हातात न वापरता पडून राहिलेली कार्डं त्यात लिहायची. वीसेक डाव झाले की दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसायला लागतात. बहुतेकदा ती आपली लाडकी कार्डं असतात, एका अविस्मरणीय डावात कामाला आलेली. तो एक डाव आठवतो, बाकीच्या एकोणिसांत ते कार्ड हातात नुसतं बसून होतं हे आठवत नाही. वही आठवण ठेवते.

मात्र आकड्यांवर लगेच विश्वास टाकू नका. "मी दहापैकी सात डाव जिंकलो, डेक जबरदस्त आहे" असं मुलं उत्साहाने सांगतात. निव्वळ छापा-काट्याच्या दर्जाचा डेकसुद्धा दहात सात किंवा जास्त डाव जिंकण्याची शक्यता 17 टक्के असते. म्हणून दहा डावांतून जिंकलो-हरलो एवढंच घेऊ नये. का जिंकलो आणि कुठल्या पाळीत अडकलो, ते लिहावं. आणि एका वेळी दोनच कार्डं बदलावीत. आठ बदलली तर भाजी कशाने खारट झाली ते कळत नाही.

"शेवटी नशीबच ना?"

पिसलेल्या पत्त्यांत नशीब आहेच. पण हे बघा: नऊ फेऱ्यांची स्पर्धा, बरोबरी नाही असं धरू. दर सामना जिंकण्याची शक्यता 50 टक्के असेल तर सात किंवा अधिक सामने जिंकण्याची शक्यता 9 टक्के. 55 टक्के असेल तर 15. 60 टक्के असेल तर 23. डेक निवडताना आणि घासताना मिळालेले पाच-पाच टक्के असे साठत जातात. त्यातून एखादी स्पर्धा कदाचित जिंकून होणार नाही; वर्षभराच्या स्पर्धांमध्ये मात्र फरक दिसतो. जेसन क्लाझिन्स्की 2006, 2008 आणि 2013 अशा तीन वर्षी जगज्जेता झाला, तिन्ही वेळा वेगळा डेक घेऊन.

"म्हणजे पैसेवाल्यांचाच खेळ"

काही कार्डं महाग असतात, हे खरं. पण लाखांच्या बातम्या संग्राहकांच्या कार्डांच्या असतात. एकाच कार्डाच्या साध्या आणि चकचकीत आवृत्तीवर मजकूर तोच असतो, आणि स्पर्धेत दोन्ही सारखीच चालतात. पालकांना कळकळीने एक सांगते: स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी सोनेरी प्लास्टिकची कार्डं नकली असतात. मूल घरी खुशाल खेळू दे, पण ती घेऊन स्पर्धेला पाठवू नका. टेबलावर कार्डं तपासली जातात तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नाही. सरावासाठी चिठ्ठीवर नाव लिहून ती प्लास्टिकच्या कव्हरात सरकवली तरी काम भागतं, आणि खेळाचं मोफत अ‍ॅपही आहे. आधी शंभर डाव तसे खेळावेत, मग खरेदी.

"जिंकलेली यादी उतरवणं ही नक्कल नाही का?"

मोठ्या स्पर्धांतल्या याद्या इंटरनेटवर खुल्या असतात, लिमिटलेससारख्या संकेतस्थळांवर त्या रोज वाचता येतात. त्या जरूर उतरवा. पुरणपोळी शिकताना कुणी डाळ-गुळाचं प्रमाण स्वतः शोधून काढत नाही, आजीचं घेतं. पण आजी जायफळ किती घालते आणि का, हे विचारल्याशिवाय पोळी आपली होत नाही. यादीतल्या प्रत्येक कार्डाचं कारण सांगता येईपर्यंत एकही कार्ड बदलू नये. कारणं कळली की मग शेवटची चार-पाच कार्डं आपल्या हॉलप्रमाणे बदलावीत. ती यादी ज्याने लिहिली त्याच्यासमोर दुसऱ्या गावातले लोक बसले होते.

"आणि माझा आवडता पोकेमॉन?"

हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. मोठ्या स्पर्धेतला सामना म्हणजे 50 मिनिटांत तीनपैकी दोन डाव जिंकायचे. तेवढ्या वेळात ओळखीचा डेक जितका साथ देतो तितका कालपरवा उचललेला देत नाही. कागदावर 55 टक्क्यांचा पण अनोळखी डेक आणि 52 टक्क्यांचा पण वर्षभर खेळलेला डेक, यात मी दुसरा घेईन. म्हणून आवडता पोकेमॉन सोडू नका. त्याच्यावर लक्ष ठेवा, त्याचे वाईट डाव लिहून ठेवा, कोण कमजोर पडतंय ते बघत राहा. पिकाचूचाही दिवस लंडनला आलाच होता.

मागच्या वेळी यादी पाठवायच्या रात्री माझी 59 कार्डं पक्की होती. साठावं राहिलं होतं. एका बाजूला एक खास कार्ड, फक्त एका डेकविरुद्ध हुकमी चालणारं; दुसऱ्या बाजूला चौथा नेस्ट बॉल. हॉलमध्ये येतील असे वाटणारे पाच डेक मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकापुढे लिहिलं, पहिल्या पाळीला या दोन्हींतलं कुठलं हातात आलेलं आवडेल. चारांपुढे नेस्ट बॉल आला. ते खास कार्ड कव्हरातून काढून डब्यात ठेवलं, नेस्ट बॉल आत सरकवला, साठ पानं पुन्हा एकदा मोजली आणि यादी पाठवून दिली.